खाऱ्या समुद्रातले गोडे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे नरसोबाची वाडी, औदुंबर, पंढरपूर ही नावे आधी येतात. ती यावीतच. पण एकदा समुद्राकडेही जावे, एवढेच सांगायला मी उभी आहे.

कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्यावरून विजयदुर्गला जाता येते. वाघोटन खाडीच्या तोंडाशी असलेला हा तिहेरी तटाचा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे होता. 1756 साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तो घेतला. मराठी आरमाराचे बळ असे आपल्याच हातांनी खचले. तटावर उभे राहिले की ही गोष्ट मनाला फार लागते.

तिथून दक्षिणेला निघाले की देवगडजवळ समुद्राला अगदी लागून कुणकेश्वराचे देऊळ आहे. दर्शन घेऊन पुढे मालवण गाठावे. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजीमहाराजांनी 1664 साली तो बांधायला घेतला. होडीने आत गेले की महाराजांचे मंदिर आहे. तिथे सगळे हात जोडतात. पण तेवढ्यावर परत फिरू नका. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी अवश्य पाहा. नावेसुद्धा कशी आपल्या स्वयंपाकघरातली! चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. 2019 च्या महापुरात दारात पाणीच पाणी आणि प्यायला मात्र टँकरची वाट, हे आपण सांगलीकरणींनी भोगले आहे. म्हणून म्हणते, तट कितीही भक्कम असो, गड जगतो तो या विहिरींवर. तिथे आजही काही कुटुंबे राहतात. तेव्हा विहिरीच्या काठाशी खरकटे, कागद, बाटल्या टाकू नयेत.

मालवणहून देवबाग जवळ आहे. हरिपूरला आपण कृष्णा-वारणेचा संगम पाहतो. इथे कर्ली नदी सागराला मिळताना पाहावी. परतताना फोंडा घाट चढून राधानगरीवरून घरी यावे.

2025 साली विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या दोन्ही किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. जग पाहायला येईल. आपण शेजारी मागे का राहावे? पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर मंडळाने सहल काढावी. वर्षानुवर्षे घरच्यांचे डबे भरणाऱ्या हातांनी एकदा आपलाही डबा भरावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.