रंगविणारा हात आणि मांडणारा हात

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही आपणांपुढे एका चित्रकाराची हकीकत सांगणार आहोत. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या सभेत कर्जाची, कापसाच्या भावाची, मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघावी. तेथे चित्रांचे काय काम, असे कोणी मनात म्हणेल. पण जरा धीर धरावा. ही गोष्ट चित्राची असली तरी तिच्या बुडाशी आपलाच प्रश्न आहे. वऱ्हाडचा कुणबी कापूस पिकवितो, गाडीत घालून बाजारात आणतो, आणि मग त्यात हात घालून त्याची प्रत कोणती हे दुसराच ठरवितो. पिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा. कलेच्या बाजारातही हेच चालत आले आहे.

त्या बाजारातील पारख्यास क्युरेटर म्हणतात. नाव अवघड असले तरी काम समजण्यास सोपे आहे. प्रदर्शनात कोणती चित्रे घ्यावयाची, कोणती वगळावयाची, कोणते चित्र कोणाच्या शेजारी टांगावयाचे आणि खाली पाटीवर काय लिहावयाचे, हे सर्व तो ठरवितो. आम्ही त्यास 'मांडणारा' म्हणू. चित्राखाली कर्त्याचे नाव लिहिणारा मांडणाराच, आणि नाव गाळून 'एक आदिवासी चित्र' एवढेच लिहिणाराही मांडणाराच. यावरून त्याच्या हाती किती सत्ता असते हे आपल्या ध्यानात येईल.

आता मूळ हकीकतीकडे वळू. या चित्रकाराचे नाव जिव्या सोमा म्हसे. जातीने वारली, जन्म १९३४ सालचा. त्यांचे गाव डहाणू तालुक्यातील गंजाड. हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हापासून तो त्यात आहे. ह्याच डहाणू-तलासरीच्या मुलखात १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वारल्यांनी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. जिव्या तेव्हा दहाअकरा वर्षांचे पोर होते. ज्यांच्या कष्टास मोल नव्हते, ज्यांच्या देहावरही त्यांची स्वतःची मालकी पुरती उरली नव्हती, अशा लोकांत हा माणूस वाढला.

परंतु त्या लोकांपाशी एक धन होते. लग्न निघाले की घराच्या कुडाच्या भिंती सारवून, गेरू लावून तयार करावयाच्या. मग तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून त्याची कुंचली करून, सवाशिणींनी भिंतीवर लग्नाचा चौक लिहावयाचा. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्याभोवती झाडे, पाखरे, गुरे, माणसे, आणि तारप्याच्या सुरावर फेर धरून चाललेला नाच. माणसाचे अंग म्हणजे दोन त्रिकोण, डोके म्हणजे वाटोळा ठिपका; एवढ्या काटकसरीत सारे जग उभे करण्याची ही विद्या. आणखी एक गोष्ट आपण मनात ठेवावी. वारल्यांचे लग्न लावणारी धवलेरी ही बाई असते. ती गाणी म्हणून लग्न लावते. त्यास बाहेरचा भिक्षुक लागत नाही. आपली लग्ने आपणच लावावी म्हणून आपल्या वाडवडिलांस या देशी किती भांडावे लागले ते आपण जाणताच. वारली बायांनी तो मान कधी सोडलाच नव्हता.

ही चित्रे बायकांनी काढावयाची, पुरुषांनी नव्हे, अशी रीत होती. जिव्यांची आई ते लहान असतानाच वारली. त्या धक्क्याने पोराची वाचा बसली. पुढे कितीतरी काळ ते बोलत नसत. जे सांगावयाचे ते धुळीत बोटाने काढून दाखवीत. मोठेपणी त्यांनी हातात कुंचली घेतली, आणि लग्न असो वा नसो, रोज चित्रे काढू लागले. पुरुषाने बायकांचे काम धरले म्हणून कोणी नाक मुरडले असेल तर मुरडो. ह्या माणसाने आपला हात थांबविला नाही.

सन १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी हस्तकला खात्याच्या वतीने भास्कर कुळकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात हिंडू लागले. बिहारात दुष्काळ पडला तेव्हा मधुबनीच्या बायांस भिंतीवरची चित्रे कागदावर काढावयास लावून चार पैसे मिळवून देण्याच्या कामी ह्याच गृहस्थांची योजना झाली होती. त्यांनी जिव्यांचा हात ओळखला आणि त्यांस कागद दिला. गुण जेथे असेल तेथे तो मानावा, हा आपला धर्म आहे. म्हणून कुळकर्ण्यांची ही पारख आम्ही मोकळ्या मनाने मानतो.

पुढची चढण भराभर झाली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस शहरी जगभरच्या सुमारे शंभर कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात आपले जिव्या होते. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग ह्या नामांकित इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रे मांडली गेली. २०११ साली सरकारने पद्मश्री दिली. १५ मे २०१८ रोजी ते वारले. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे ज्याने पाहिले असेल त्यास कळेल की हा मान फुकाचा नव्हता. कागदभर पसरलेले ते जाळे पांढऱ्या बारीक रेघांचे आहे. आणि प्रत्येक रेघ अशी हलती की जाळे पाण्यात पडताना दिसावे. मुलांनाही त्यांनी हीच विद्या दिली. आज त्या पट्ट्यातील कितीतरी तरुण कुंचलीवर पोट भरतात.

येथवर सारे गोड झाले. आता कडू भाग ऐकावा. मुंबई, पॅरिस, ड्युसेलडॉर्फ, सर्वत्र रंगविणारा हात वारल्याचा होता. मांडणारा हात दुसऱ्याचा. कोण पुढे यावा आणि कोण मागे राहावा हे गंजाडात ठरले नाही. जिव्यांना भला पारखी भेटला. ज्या बायांनी शेकडो वर्षे चौक लिहिले, त्यांतील किती जणींची नावे आपणांस ठाऊक आहेत?

मांडणारा भला असला तरी ती गोष्ट नशिबाची होय. आणि नशीब नेहमी सारखे नसते. सातपुड्यापलीकडे मंडला भागातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड. भोपाळच्या भारत भवनाची उभारणी चालू असता जगदीश स्वामीनाथन यांच्या मंडळींना ते सापडले. १९८२ साली भारत भवन उघडले, आणि ह्या तरुणाच्या चित्रांनी सर्वांना चकित केले. पॅरिसच्या त्याच १९८९ च्या प्रदर्शनात तेही होते. पण २००१ साली जपानातील एका संग्रहालयासाठी काम करीत असता, घरापासून हजारो कोस दूर, त्यांनी आपल्या जिवाचा अंत करून घेतला. कोणाच्या शिरी दोष द्यावयास आम्ही उभे नाही. एवढेच म्हणतो की, कलावंत परदेशी जातो तेव्हा करार कोणी वाचला, मुदत कोणी ठरविली, परत येण्याची वाट कोणाच्या हाती होती, हे विचारणारा आपल्या माणसांपैकी कोणीतरी असला पाहिजे.

इतर देशांच्या मूळ रहिवाशांनी हा प्रश्न हाती घेतला आहे. न्यूझीलंडातील माओरी लोकांच्या कोरीव वस्तूंचे प्रदर्शन १९८४ साली न्यूयॉर्क येथे भरले. त्या वस्तू संग्रहालयांच्या ताब्यात असूनही टोळ्यांची संमती घ्यावी लागली. त्यांचे वडीलधारे बरोबर गेले आणि पहाटे आपल्या रीतीप्रमाणे विधी करून मगच त्यांनी दारे उघडू दिली. वस्तू दुसऱ्याच्या कपाटात असली तरी तिच्यावरचा शब्द आपला, हे त्यांनी जगाला दाखविले. ऑस्ट्रेलियातील ब्रुक अँड्र्यू हे विराजुरी लोकांपैकी, स्वतः चित्रकार. सिडनी येथे १९७३ पासून एक मोठे प्रदर्शन भरत आले आहे; २०२० साली त्याची सारी मांडणी त्यांच्याकडे आली. मूळ रहिवाशाच्या हाती ते काम जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी प्रदर्शनास आपल्या भाषेतील 'निरिन' हे नाव दिले. त्याचा अर्थ कड. कडेला लोटलेल्यांना त्यांनी मध्यावर आणून बसविले. म्हणजे रंगविणारा आणि मांडणारा हे दोन्ही हात एकाच माणसाचे होऊ शकतात.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. वारली चित्रांची नक्कल कापडावर, कपबशीवर, हॉटेलाच्या भिंतीवर जो तो करू लागला आणि वारल्याला त्यातून छदामही मिळेना. तेव्हा आदिवासी तरुणांच्या एका संस्थेने खटपट केली, आणि २०१४ साली 'वारली चित्र' ह्या नावाची भौगोलिक निर्देशन म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. एका नोंदीने चोरी थांबते असे नाही. पण चोरीला चोरी म्हणण्याचा हक्क मिळतो.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. अमरावती-मोर्शीच्या निसर्गप्रेमी मंडळींना २००७ साली सातपुड्यात, धारूळच्या बाजूस, प्राचीन माणसाने रंगविलेली खडकांची आश्रयस्थाने सापडली. ती जागा बैतूल जिल्ह्यात मोडते, पण आपल्या शिवेला लागून आहे. मेळघाटातील आपले कोरकू बांधव मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरून तो खांब विधिपूर्वक पुरतात. १९७४ साली मेळघाटात वाघांसाठी जंगल राखले गेले. पुढे आतली कित्येक गावे उठली आणि अकोट तालुक्यात सपाटीवर येऊन वसली. माणसे आली, गुरे आली. आजेपणजांचे खांब कोठे राहिले? ते कोणी कोरले, कोणासाठी कोरले, हे सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवर ते लिहून घेतले नाही, तर उद्या एखाद्या शहरी दिवाणखान्यात तो खांब उभा दिसेल आणि खाली कोणाचेही नाव नसेल.

आणि कोरकूंपुरतेच का बोलावे? भुलाबाईच्या मूर्ती घडविणारा कुंभार, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारा सुतार, टोपल्या-सुपे विणणारा बुरूड, हे सारे हात त्याच पंगतीतले आहेत. त्यांच्या कामावर त्यांचे नाव कोठे असते?

म्हणून आम्ही चार गोष्टी मागतो. पहिली, आपल्या हातच्या वस्तूवर आपले नाव आणि गाव घालण्याची सवय करा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून घालून घ्या. दुसरी, अमरावतीस वा अकोल्यास जेव्हा जेव्हा कारागिरीचे प्रदर्शन भरेल, तेव्हा निवड करणाऱ्या मंडळीत कारागिरांचा आणि कोरकूंचा माणूस असलाच पाहिजे असा आग्रह धरा; नुसते दुकान मांडावयास बोलावले तर समाधान मानू नका. तिसरी, देवाची वा पितरांची वस्तू गावाच्या संमतीवाचून कोणासही देऊ नका, मग तो कितीही पैसे देवो. चौथी, ज्या मुलामुलींचा हात चांगला असेल त्यांना चित्रकलेच्या शाळेत घाला, पण त्यांना हिशेब, करार आणि वस्तूची हकीकत लिहिणेही शिकवा. चित्र काढणारा मुलगा आपल्यात पुष्कळ ठिकाणी आहे. त्या चित्राची मांडणी करणारी मुलगी अजून व्हावयाची आहे.

जिव्या सोमा म्हसे ह्यांच्या हाताला भास्कर कुळकर्णी भेटले. आपल्या मेळघाटातील पुढच्या कोरकू पोराला पारखणारा माणूस धारणीचा किंवा चिखलदऱ्याचाच असावा, आणि त्याला त्या पोराची भाषा यावी, एवढीच आमची इच्छा आहे. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.