कर्मशाळेचे क्षेम आणि समाजाचे क्षेम
(वर्धापनोत्सवातील भाषण)

पाठशाळेत व्याकरण शिकविणाऱ्या मनुष्याने कामकऱ्यांच्या सुखदुःखाविषयी का बोलावे, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर ओघाने येईलच.

आपण 'योगक्षेम' हा शब्द नित्य उच्चारतो. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग. जे मिळाले आहे त्याचे रक्षण हे क्षेम. मनुष्य कामावर जातो तेव्हा त्याला वेतनाचा योग घडतो. परंतु त्याचे आरोग्य, त्याचा मान आणि मनाची प्रसन्नता यांचे क्षेम तेथे होते काय? आणि तेथे ते न झाले, तर समाजाचे क्षेम कोठून यावयाचे?

हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून आलेला नवा प्रश्न आहे, असे समजण्याचे कारण नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वेतन बुडविणाऱ्या धन्यास दंड सांगितला आहे. पाचव्या अधिकरणात तर, राजसेवेत असता मृत्यू आलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावे, आणि सेवकाच्या घरी आजार, बाळंतपण किंवा अंत्यविधी असा प्रसंग आला असता राजाने धन व मान देऊन साह्य करावे, असे म्हटले आहे. सेवकाच्या पाठीमागे एक घर उभे असते, हे त्या आचार्याने ओळखले होते.

अर्वाचीन काळी हेच सत्य मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडले. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची सभा भरवून आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार या मागण्या पुढे ठेवल्या. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुटी आली. लोखंडे हे सत्यशोधक. सुटीच्या दिवशी कामगाराने विसावा घ्यावा, त्याचप्रमाणे समाजासाठीही काही करावे, अशी त्यांची दृष्टी होती. ज्याला क्षणाची उसंत नाही, त्याच्याकडून समाजकार्याची अपेक्षा कोणी करावी?

विलायतेत १९६७ साली सरकारी नोकरांच्या प्रकृतीची एक मोठी पाहणी सुरू झाली. खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरच्या श्रेणीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले. ज्याला आपल्या कामात स्वतःचे मत चालविता येत नाही, त्याला हा विकार अधिक जडतो, असे पुढील पाहणीत दिसून आले. पोट भरले तरी मान राहिला नाही, तर देहही खचतो, असा याचा अर्थ.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील याच इंदूर शहरातील एका कापडगिरणीत साचाखात्यात होते. त्यांच्यावरचा जॉबर सज्जन होता, तोवर वडील पाळीवरून आले की ओट्यावर कंदील ठेवून गल्लीतील दहा-बारा मुलांना गणित शिकवीत. पुढे जॉबर बदलला. नवा मनुष्य चारचौघांत अद्वातद्वा बोले. वडील घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजू लागले. आईने मला सांगितले की, त्यानंतर तो कंदील ओट्यावर कधी गेला नाही. अपमान झाला तो गिरणीत, एका मनुष्याचा. अभ्यास बुडाला तो गल्लीत, दहा-बारा मुलांचा. हे ज्याने घरात ऐकले, त्याने व्याकरण सोडून आज या विषयावर का बोलावे, हे आपणांस उमगले असेल.

उलट बाजूही याच शहराने पाहिली आहे. अनंतचतुर्दशीस निघणाऱ्या गिरणीकामगारांच्या झांक्यांची परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. कामावर एकमेकांशी जुळलेल्या माणसांनी साऱ्या नगराला उत्सव दिला. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांना त्यांच्या उरलेल्या थकबाकीची रक्कम मिळू लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येकांनी डोळे मिटले होते. तरी झांकी निघतच राहिली. समाजावरचे कामकऱ्याचे ऋण असे फिटता फिटत नाही.

सज्जनहो, आता दिवा आपल्याच घरात धरू. आपल्या मठातही कर्मशाळा आहे. ती म्हणजे मुदपाकखाना. उत्सवात पहाटे चारपासून आचारी चुलीपुढे उभे असतात. शेवटची पंगत उठून उष्टी निघेपर्यंत त्यांच्या मुखी अन्न जात नाही. हजारोंना अन्नदान करणाऱ्या स्थानी रांधणाराच उपाशी राहतो. गेल्या उत्सवात वाढण्यास विलंब झाला, म्हणून मी स्वतः एका वाढप्याला सर्वांदेखत टाकून बोललो. त्याने मान खाली घातली. त्या रात्री मला भिंतीकडे तोंड करून निजलेले वडील आठवले. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. पण अपमान सर्वांदेखत झाला होता आणि क्षमा मी एकांतात मागितली. म्हणून ती आज येथे, सर्वांदेखत मागतो.

कोणी म्हणेल, ही देवाची सेवा आहे, येथे तासांचा हिशेब कसला? आम्हां शिष्यांपुरते ते खरे आहे. परंतु जो मनुष्य आपला संसार चालविण्यासाठी येथे राबतो, त्याच्या थकव्यावर आम्ही आपले पुण्य उभारू नये.

यास्तव गुरुमहाराजांच्या चरणी माझी नम्र विनंती आहे. मुदपाकखान्यातील प्रत्येकास आळीपाळीने आठवड्यातून एक दिवस सुटी असावी. वेतनाची तिथी ठरलेली असावी. उत्सवाची आखणी होताना त्यांचाही सल्ला घ्यावा. आणि उत्सवात एक पंगत त्यांची असावी, जिच्यात आम्ही पाठशाळेच्या अध्यापकांनी वाढावे. ते घरी प्रसन्न मुखाने परततील, तर मठाचा प्रसाद त्यांच्या घरी आणि गल्लीतही पोहोचेल.

अधिक बोलून आपला वेळ घेत नाही. पहिल्या पंगतीस वाढण्यास मी कमरेला पंचा बांधून उभा राहीन, एवढे वचन देऊन आपली रजा घेतो.