मैलाचे दगड आणि इंचाची वाटचाल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंगल प्रसंगी अपस्माराचा, म्हणजे आपण ज्याला आकडी किंवा फिट म्हणतो त्या विकाराचा, विषय काढणे काहींस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घरात असे मूल असते, ते घर हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच तो समाजासमोर उच्चारला पाहिजे.

अमेरिकेतील संशोधिका डॉ. ॲन बर्ग यांनी आपली कारकीर्द बालकांच्या अपस्माराच्या अभ्यासाला वाहिली. १९९३ ते १९९७ या काळात कनेक्टिकट राज्यात नव्याने निदान झालेल्या ६१३ मुलांची नोंद करून त्यांच्या पथकाने पुढे अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. ‘झटके थांबले का?’ हा वैद्यकाचा नेहमीचा प्रश्न. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही, हे या अभ्यासाने दाखविले. झटके थांबून औषधेही बंद झालेल्या मुलांचा आकलनाचा वेग भावंडांच्या तुलनेत सरासरीने थोडा मंद आढळला. अशा मुलाला आपण आळशी ठरवतो; त्याला हवा असतो केवळ थोडा अधिक वेळ.

अतितीव्र अपस्मार असलेली बालके तर प्रचलित चाचण्यांत तळाशीच राहतात. मान क्षणभर सावरली, आईकडे नजर वळली, तरी गुण वाढत नाहीत. घराला दिसणारी ही प्रगती मोजण्याची साधने घडविण्याचे कार्य बर्ग यांनी अलीकडे पालकांना सोबत घेऊन आरंभिले. त्याचे नाव ‘इंचस्टोन’: मैलाचा नव्हे, इंचाचा दगड!

अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपणास हे परके वाटू नये. डॉक्टर झटके मोजतात, शिक्षक गुण मोजतात, माता जागून काढलेल्या रात्री मोजते. प्रत्येकाजवळ सत्याचा अंश आहे. मात्र मातेचा अंश आजवर कोणी फारसा विचारात घेतला नाही.

आता आपल्याविषयी. जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहातील अडसर मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला. कायद्यातून गेलेला हा शब्द स्थळे पाहण्याच्या बैठकीतून मात्र अद्याप गेलेला नाही.

दुसरी विनंती पर्वकाळातील उपवासांविषयी. अपस्माराचे औषध एकाएकी चुकले, तर झटके उद्भवू शकतात व प्रसंगी ते जिवावर बेतू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना अशा मुलाने उपवास करू नये, औषध चुकवू नये; आणि हे त्याला वडीलधाऱ्यांनीच प्रेमाने सांगावे. स्वाध्याय हेही तपच आहे.

वैयावृत्त्य म्हणजे सेवा. तीही आपल्या शास्त्रांनी अभ्यंतर तपात गणली आहे. पाठशाळेतील अशा एखाद्या बालकाला पाठ म्हणण्यास दोन मिनिटे अधिक देणे, एवढ्यापासून तिचा आरंभ होऊ शकतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने तो करावा, ही नम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र.