समोरचा माणूस आणि हातातला फोटो



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेत उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे लोक धरून चालतात. आज आम्ही मनुष्याकृतीचे रेखाटन कसे शिकावे, फोटोवरून की माणूस समोर बसवून, या प्रश्नावर बोलणार आहोत. पण आम्ही आमचा विषय सोडला, असे कोणी समजू नये. चित्रकलेच्या वर्गात पाटीवर कागद लावून बसतो तो विद्यार्थी. जो लाकडी चौथऱ्यावर न हलता उभा असतो, त्याला मॉडेल म्हणतात, आणि तो रोजंदारीवर असतो.

आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. चित्रकलेची अक्षरओळख झाली ती मोर्च्याचे फलक रंगवताना, आणि पुढे रविवारी भरणाऱ्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून. तेव्हा आम्ही सांगू ते पंडिताचे नव्हे, हाताने करून पाहणाऱ्याचे, असे समजून ऐकावे.

आधी फोटोची बाजू मांडतो, कारण त्याला नावे ठेवणे फार सोपे आहे. दागेरची फोटो काढण्याची रीत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ साली, देलाक्रुआसारखा नामांकित चित्रकार द्यूरिओ नावाच्या छायाचित्रकाराकडून मॉडेलचे फोटो काढवून घेत होता आणि त्यांवरून रेखाटने करीत होता. आपल्याकडे राजा रविवर्मांनीही फोटोचा उपयोग केला. आणि काही गोष्टी तर डोळ्याला दिसतच नाहीत. जेरिकोने १८२१ साली एप्समची घोड्यांची शर्यत रंगवली, त्यात घोड्यांचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले, सारे घोडे हवेत. शेकडो वर्षे चित्रकार घोडा असाच पळवीत होते. १८७८ साली मायब्रिजने पळत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले, तेव्हा उघड झाले की चारही पाय जमीन सोडतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. एवढ्या साऱ्या डोळसांना जे दिसले नाही, ते यंत्राने दाखवले.

दुसरी गोष्ट दाराची. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. झोफानीने अकादमीच्या सभासदांचे मॉडेलभोवती जमलेले चित्र काढले, त्यात या दोघी प्रत्यक्ष हजर नाहीत. भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत! स्त्रीने उघड्या मॉडेलसमोर बसणे शिष्टसंमत नव्हते. तिथल्या विद्यार्थिनींना जिवंत मॉडेलवरून शिकण्याची मुभा मिळाली ती १८९३ साली, तीही मॉडेलच्या अंगावर वस्त्र लपेटून. फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्सने विद्यार्थिनींच्या देखत पुरुष मॉडेलचे लंगोटाएवढे वस्त्र दूर केले, म्हणून १८८६ साली त्याला अकादमी सोडावी लागली. ज्यांना दार बंद, त्यांना फोटो ही खिडकी होती. आजही आटपाडीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलाने मॉडेल कुठून आणावे? त्याच्या मोबाईलमध्ये हजारो आकृत्या आहेत. त्यांवरून तो हात बसवीत असेल, तर त्याला हसणाऱ्याने आधी त्याच्या गावात वर्ग काढून द्यावा.

आता फोटोत काय येत नाही ते पाहू. कॅमेऱ्याला डोळा एक, आपल्याला दोन. हातभर अंतरावरून मोबाईलने चेहरा टिपला, तर नाक फुगते आणि कान मागे पळतात. पाय पुढे पसरून बसलेल्या माणसाचा फोटो जवळून घ्या, तळवा डोक्याएवढा येतो. शिकाऊ मुलगा तो तळवा इमानदारीने उतरवतो आणि शिक्षक म्हणतात, प्रमाण चुकले. मुलाने समोर होते तेच काढले. प्रमाण भिंगाने बिघडवले.

उजेडाचेही तसेच. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे समईच्या उजेडातल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात. हळदणकरांची मुलगी गीता वडिलांसमोर दिवा धरून तासन्‌तास उभी राहिली, तेव्हा ते चित्र झाले. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून जो तांबूस उजेड पाझरतो, तो पाहा. साध्या फोटोत ज्योत पांढरी फटक होईल, नाहीतर पदराच्या घड्या काळोखात बुडतील. आजचे मोबाईल दोन-चार फोटो जोडून ही उणीव झाकतात; पण मग ज्योत, बोटे, पदर सगळे सारख्याच उजेडात येते, आणि काळोख, ज्यासाठी दिवा लावला, तोच नाहीसा होतो.

पण आमच्या मते मुख्य फरक भाराचा आहे. गवंड्याचा ओळंबा माणसाच्या गळ्याच्या खळगीपासून सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूची कंबर वर चढते, आणि बहुधा तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढे फोटोतही मोजता येईल. मात्र समोर माणूस असला की दहा मिनिटांनी काय होते तेही दिसते. कंबर आणखी चढते, गुडघा मागे ताठतो, मोकळ्या पायाचा अंगठा जमीन चाचपू लागतो, श्वास पोटातून छातीत येतो. फोटोतला माणूस थकत नाही! आणि ज्याने थकवा पाहिला नाही, त्याला भार काढता येत नाही. मशीद बंदरला पाठीवर पोते घेतलेल्या हमालाची मान पाहा, आणि मग सिनेमाच्या पोस्टरवर पोते उचलणारा नायक पाहा. नायकाच्या पोत्यात कापूस असतो.

शिवाय फोटोवरून काढणे म्हणजे सपाटावरून सपाट उतरवणे. काय घ्यावे, काय गाळावे, कडा कुठे विरघळू द्यावी, हे यंत्राने आधीच ठरवलेले असते. समोर माणूस असला की ते तुम्हाला ठरवावे लागते, आणि तेही वेळेत. एका मिनिटाची रेखाटने केलेल्या माणसाला हे सांगायला नको. खांदा कळला नाही तर उठून मागे जाऊन पाहता येते. फोटोच्या मागे कोरा कागद असतो.

आता त्या चौथऱ्यावरच्या माणसाकडे येऊ. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालचे. पहिल्या महायुद्धानंतर कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन तिथले प्रमुख झाले आणि त्यांनी उघड्या मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. म्हणजे या कामाला आपल्याकडे शंभर वर्षे झाली. या काळात चित्रकारांची चरित्रे झाली, प्रदर्शने झाली. मॉडेलचे नाव सहसा चित्राखालीही येत नाही. २०१८ साली रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट अशाच एका बाईवर आला. त्याच्या आदल्या वर्षी गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला होता. बाईने पोटासाठी उभे राहावे हे चालते, पण तिची गोष्ट सांगितलेली चालत नाही.

आमच्या रविवारच्या वर्गात एक बाई येत. वीस मिनिटे उभे राहायचे, पाच मिनिटे विश्रांती, पायाभोवती खडूची खूण, पुन्हा त्याच खुणेत. त्या म्हणाल्या, "दादा, झाडू मारला की पाठ दुखते. हितं हलायचं नाही म्हणून समदंच दुखतं." दुसऱ्या एका संस्थेने त्यांची मजुरी व्हाउचरवर सही व्हायची आहे म्हणून दोन महिने अडवली होती. आणि शेजारात त्यांनी सांगितले होते की आपण ऑफिसात सफाईला जातो.

इथे फोटोचा प्रश्न मजुरीचा होतो. वर्ग सुटताना एखादा विद्यार्थी मोबाईल काढतो. म्हणतो, बाई, एक फोटो घेतो, चित्र घरी पुरे करतो. त्याला त्यात काही वावगे दिसत नाही. पण त्याने एका दिवसाची मजुरी दिलेली असते आणि शंभर दिवसांचे काम उचललेले असते. ज्या बाईने शेजाऱ्यापासून काम लपवले आहे, तिचा फोटो या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये गेला की तिचे घर मोडते. रेखाटनात ती कोणीही असते. फोटोत ती तीच असते.

हे परदेशातले मॉडेल कसे सोडवतात? सॅन फ्रान्सिस्कोकडे फ्लॉरेन्स ॲलन नावाच्या मॉडेल बाईंनी १९४६ साली मॉडेलांची संघटना बांधली. पॅरिसमध्ये शेवटी विद्यार्थी कागदाचा द्रोण फिरवून मॉडेलसाठी चिल्लर गोळा करीत. नगरपालिकेने आपल्या वर्गांत तो बंद केला, तेव्हा २००८ च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, मॉडेल मंडळी पालिकेच्या सांस्कृतिक कचेरीबाहेर उघडी उभी राहिली. आमच्या निदर्शनांत लोक घोषणा देतात. त्यांनी फक्त आपले नेहमीचे काम रस्त्यावर करून दाखवले.

आपल्याकडे वेगळी वाट आहे. माथाडी कामगाराला कायमचा मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून १९६९ च्या कायद्याने मंडळ आले: नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर लेव्ही मालकाची. मॉडेलची स्थिती अगदी तीच आहे. आज हे महाविद्यालय, उद्या तो खासगी वर्ग. कलासंस्थांनी मिळून असे एखादे छोटे मंडळ चालवायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, मॉडेल परवडत नाही. एकट्याला नाहीच परवडत. पण दहाजणांनी वर्गणी काढून महिन्यातून दोन रविवार माणूस बसवावा आणि उरलेले दिवस फोटोवर, बाजारात, एस.टी. स्टँडवर हात चालवावा, हे कुठल्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखे आहे. जागा शाळेची, पडदा घरचा. दाराला आतून कडी, मोबाईल बाहेर टोपलीत. थंडीत शेगडी, उन्हाळ्यात पंखा, विश्रांतीला चहा. मजुरी आधी ठरवलेली, आणि त्याच दिवशी पाकिटात. आमच्या वर्गात हिशेबाची वही ज्याच्याकडे असते तो चित्रे फार वाईट काढतो, पण पाकीट कधी चुकवत नाही. पुढच्या रविवारी येणाऱ्यांनी पाटी आणि कोळसा आपापला आणावा.