पहिली पंधरा मिनिटं

लातूर, बीड, यवतमाळहून लांबचा प्रवास करून आलेले आईवडील, आणि आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

दिल्लीत मराठीत बोलायला प्राचार्य मॅडमनी आनंदाने होकार दिला. आपली लेक, आपला मुलगा चार वर्षं नेमकं काय शिकला, हे आईवडिलांनाही कळायला हवं ना. तुमच्यातले काही पालक याच कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाची चौकशी करत होते, तेव्हा एक आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, अशक्तपणा आला की आमच्या गावात सलाईन लावतात. लगेच ताकद येते." म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आजी, पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. म्हणजे साधारण 100 कॅलरी. नॉर्मल सलाईनमध्ये तेवढंही नाही. एका लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, बस. जुलाबाने शरीर कोरडं पडलं, रक्तस्राव झाला, तोंडाने काही घेता येत नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. 1832 सालच्या कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने मिठाचं पाणी शिरेतून दिलं आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. पण ज्याला तोंडाने पिता येतं, त्याला पेज आणि मीठ-साखरेचं पाणी द्यावं. मुलांनो, गावाकडचा माणूस हट्ट धरेल, नातेवाईक चिडतील, तरी हे शांतपणे समजावून सांगणं तुमचंच काम आहे. शिरेत घातलेली प्रत्येक सुई जंतूंना वाट करून देते.

थेंबांचा हिशेब तुम्हाला पाठ आहे. 500 मिली चार तासांत द्यायचं आणि सेट मिलीला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला 42 थेंब. तरी घड्याळ समोर धरून मोजा, नजरेच्या अंदाजावर सोडू नका. हृदयाच्या रुग्णाला किंवा तान्ह्या बाळाला वेगाने गेलेलं साधं सलाईनसुद्धा फुप्फुसात पाणी भरू शकतं. आणि पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल थेट शिरेत कधीच द्यायची नाही, लटकत्या बाटलीतही टोचायची नाही. ते जड असतं, खाली सेटच्या तोंडाशी साचतं आणि सगळं एकदम आत जातं. हृदय थांबतं. बाटली खाली काढा, मिसळा, अनेक वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मगच टांगा.

आता रक्त. मला खरं बोलायचंय ते यावरच.

1952 साली आपल्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ज्याच्याशी नेहमीच्या कुठल्याच गटाचं रक्त जुळेना. ए नाही, बी नाही, आणि 'ओ' रक्ताच्या पेशीही त्याच्या सीरममध्ये गुठळ्या करायच्या. 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि आज जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. आपल्या देशात साधारण 10,000 माणसांत एक असा निघतो. त्याच्या लाल पेशींवर ए, बी तर नसतातच, पण ज्या पायावर ते उभे राहतात तो एच पदार्थही नसतो. नुसत्या पेशी तपासल्या तर अहवाल येतो 'ओ'. सीरमची उलट तपासणी 'ओ' पेशींसह केली, नीट क्रॉसमॅच केलं, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, तरच तो ओळखू येतो. "ओ आहे ना, मग कुणालाही कुणाचंही चालतं" असं वॉर्डात सहज बोललं जातं. या माणसाला 'ओ'ची पिशवी लावली तर त्याचा जीव जाऊ शकतो. गडबडीत कुणी "क्रॉसमॅच राहू दे" म्हणालं, तर भेंड्यांचं नाव आठवा आणि विचारा, का राहू दे?

पण असा रुग्ण तुम्हाला आयुष्यात एखादाच भेटेल. रोजचा धोका वेगळा आणि फार साधा आहे. रक्त बरोबर असतं, माणूस चुकीचा असतो. एकाच वॉर्डात दोन पाटील. सात नंबरच्या आजोबांना कमी ऐकू येतं. तुम्ही विचारलंत, "तुम्ही पाटील ना?" ते मान डोलावणार. डॉक्टर, सिस्टर काहीही म्हणाले तरी मान डोलावायची, हे त्यांना आयुष्याने शिकवलंय. म्हणून असं विचारायचंच नाही. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हणायचं आणि थांबायचं. मग हातावरचा पट्टा, केस पेपर, नोंदणी क्रमांक, पिशवीचा क्रमांक, गट, मुदत. दोघींनी, मोठ्याने वाचून, खाटेशेजारी. स्टेशनच्या टेबलावर ताडून पाहिलं तर ते ताडलंच नाही असं समजा. नमुना घेतानाही तसंच: नळीवर नाव रुग्णासमोरच लिहायचं.

नळीतून रक्तासोबत फक्त नॉर्मल सलाईन. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम आहे. ते मिसळलं की नळीतच गुठळ्या होऊ शकतात. डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात. फ्रिजमधून पिशवी निघाल्यापासून अर्ध्या तासात लावा, चार तासांत संपवा.

आणि पहिली पंधरा मिनिटं सावकाश थेंब सोडून तिथेच उभ्या राहा. गट चुकला असेल तर थोडंसं रक्तही पुरतं. रुग्ण म्हणेल, "सिस्टर, कसंतरीच होतंय." कंबर दुखते, सुईपाशी आग होते, हुडहुडी भरते. मशीन काही दाखवायच्या आधी तो सांगतो. लगेच रक्त बंद. कॅन्युला काढायची नाही. नवा सेट लावून सलाईन चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा, नाव-क्रमांक पुन्हा ताडा, पिशवी आणि सेट रक्तपेढीकडे परत पाठवा, सोबत रक्ताचा नवा नमुना आणि लघवी.

मग जे झालं ते लिहा. इथून जवळच टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय आहे. त्याच्या 1996 च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत 1998 पासून बंद झाली, रक्तपेढ्यांना शिस्त लागली. वॉर्डात काय चुकतं ते मात्र नोंदीतूनच कळतं. पलीकडे नोएडात राष्ट्रीय जैविक संस्था आहे. 10 डिसेंबर 2012 पासून देशभरातल्या रक्ताच्या रिअ‍ॅक्शनची नोंद तिथे जमते. ती नोंद वॉर्डातून गेली नाही तर तिथे काहीच पोचत नाही. "कशाला लिहितेस, उगाच चौकशी लागेल" असं सांगणारे भेटतील. तरीही लिहा.

शेवटची विनंती समोर बसलेल्या रुग्णालय अधिकाऱ्यांना. या मुली आणि मुलं येत्या काही महिन्यांत तुमच्या वॉर्डात असतील. रक्त लावल्यावर त्यांतलं कुणी खाटेशेजारी नुसतं उभं दिसेल. राउंड आलेला असेल, फोन वाजत असेल, दुसऱ्या खाटेची सलाईन संपलेली असेल. तेव्हा ती पंधरा मिनिटं त्यांना हाक मारू नका. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, आणि तसं पाठवता येईल एवढी माणसं ड्युटीवर ठेवा.