काजळीचा खर्च कोणाच्या नावे?



जुन्या डिझेल ट्रकांना आणि बसगाड्यांना धूर गाळणारी साधने बसवण्याचा विषय सामान्यतः यंत्रशास्त्राचा मानला जातो आणि तो अभियंत्यांच्या हवाली करून राजकीय कार्यकर्ते मोकळे होतात. वस्तुतः त्यातील यंत्रशास्त्राचा भाग बराचसा सुटलेला आहे. अडून राहिला आहे तो अर्थशास्त्राचा भाग. नव्या गाड्यांसाठी कडक मानके ठरवणे सरकारांना सोपे जाते, कारण तो खर्च गाडीच्या किमतीत विरघळून जातो. परंतु डिझेल इंजिन दीर्घायुषी असते. आज मानक बदलले तरी कालची गाडी पुढची दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर धूर ओकत राहते. तिची सुधारणा करायची म्हटले की खर्च उघडा पडतो आणि तो कोणाच्या तरी नावे मांडावाच लागतो. हे मांडणे कसे होते, त्याचे टोकियोइतके बोलके उदाहरण विरळा.

१९९९ साली शिंतारो इशिहारा टोकियोचे गव्हर्नर झाले. उजव्या, उग्र राष्ट्रवादी विचारांचा हा गृहस्थ. समाजवाद्यांनी कौतुक करावे असे त्यांच्या राजकारणात फारसे काही नव्हते. तरीही डिझेलच्या प्रश्नावर जपानच्या केंद्र सरकारने जे करायला हवे होते आणि केले नव्हते, ते त्यांनी केले. काजळीने भरलेली प्लॅस्टिकची बाटली पत्रकारांपुढे हलवून त्यांनी मोहीम उघडली. २००० साली महानगर शासनाने नियम केला आणि १ ऑक्टोबर २००३ पासून तो अंमलात आला. पहिल्या नोंदणीला सात वर्षे उलटलेले व काजळीच्या मानकात न बसणारे डिझेल ट्रक आणि बसगाड्या टोकियोत चालवण्यास बंदी झाली. शेजारच्या सायतामा, चिबा आणि कानागावा या प्रांतांनीही त्याच दिवशी तेच पाऊल उचलले. गाडी बदला किंवा मान्यताप्राप्त साधन बसवा, एवढेच दोन मार्ग मालकांपुढे राहिले. आदेश मोडणाऱ्यास पाच लाख येनपर्यंत दंड, शिवाय नावाची जाहीर प्रसिद्धी. खाजगी प्रवासी मोटारी मात्र या नियमाबाहेर होत्या.

ही साधने दोन प्रकारची. एक, काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे फिल्टर: मधमाशांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा, ज्याची छिद्रे आळीपाळीने एकेका टोकाला बुजवलेली असतात. वायू भिंतीतून पाझरतो, काजळी आत अडते. चांगली गाळणी दहापैकी नऊ भाग काजळी रोखते. पण अडलेली काजळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी उष्णता लागते. शहरातल्या कोंडीत रांगत चालणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापत नाही, गाळणी तुंबते. दुसरे साधन ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट. ते स्वस्त, पण काजळीचा थोडाच भाग कमी करणारे. उत्प्रेरक वापरणाऱ्या साधनांना इंधनातील गंधक बाधते. म्हणून टोकियोने तेल कंपन्यांवर दडपण आणले आणि एप्रिल २००३ पासून जपानभर दशलक्ष भागांत ५० भागांहून अधिक गंधक नसलेले डिझेल मिळू लागले. इंधन आधी, गाळणी मागाहून, हा क्रम त्यांनी पाळला.

आता खर्चाकडे वळू. जपानमध्ये १९९० साली मालवाहतुकीवरील परवान्यांचे निर्बंध सैल झाले. सुमारे चाळीस हजार असलेल्या वाहतूक संस्था पुढे साठ हजारांच्या घरात गेल्या. त्यांत बहुसंख्य छोट्या. एकमेकींशी स्पर्धा करता करता त्यांचे भाडेदर खाली आलेले. अशा छोट्या वाहतूकदाराला शासनाने अनुदान दिले, परंतु उरलेली रक्कम त्याची त्यानेच उभी करायची होती. ज्या मोठ्या कारखानदारांचा आणि दुकानदारांचा माल तो वाहत होता त्यांच्यावर भाडे वाढवून देण्याची सक्ती नव्हती. ज्या कंपन्यांनी ती इंजिने बनवून विकली त्यांच्यावरही नव्हती. साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीला हिशेब चुकता करायला सांगण्यात आला.

एवढे करून त्याच्या हाती काय पडले? नोव्हेंबर २००४ मध्ये उघडकीस आले की मित्सुई या बलाढ्य व्यापारी कंपनीने आपल्या गाळण्यांच्या चाचणीचे आकडे खोटे सादर करून मान्यता मिळवली होती. अशा सुमारे २१ हजार ५०० गाळण्या विकल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी पुष्कळ सार्वजनिक अनुदानातून. कंपनीला अनुदाने परत करावी लागली, संबंधितांना अटक झाली. हे सारे खरे. परंतु तोपर्यंत ज्यांच्या फुप्फुसांत ती काजळी गेली त्यांना परत करण्यासारखे काहीच नव्हते. मान्यता देणारे शासन विक्रेत्याच्या कागदावर विसंबते, तेव्हा अनुदान हे नफ्याला दिलेले अनुदान ठरते.

या कथेतील खरा न्याय गव्हर्नरच्या कचेरीतून आला नाही. तो दमेकऱ्यांनी खेचून आणला. १९९६ पासून टोकियोतील दम्याच्या रुग्णांनी केंद्र सरकार, महानगर शासन, द्रुतगती मार्गांचे महामंडळ आणि डिझेल गाड्या बनवणाऱ्या सात कंपन्यांविरुद्ध दावे लावले होते. २९ ऑक्टोबर २००२ रोजी जिल्हा न्यायालयाने सात रुग्णांना सुमारे ७ कोटी ९२ लाख येन भरपाई देण्याचा आदेश शासनाला आणि महामंडळाला दिला, पण उत्पादकांना जबाबदारीतून मुक्त केले. रुग्ण थांबले नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये उच्च न्यायालयात तडजोड झाली. तीत सात कंपन्यांनी १२० कोटी येन द्यायचे कबूल केले, शिवाय दमेकऱ्यांच्या उपचारासाठी टोकियोने उभारलेल्या योजनेत ३३० कोटी येनांचा वाटा उचलला. नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराची किंमत इंजिन बनवणाऱ्याच्या खतावणीत अखेर, थोडी का होईना, चढली. योजना २००८ साली सुरू झाली. २०१५ मध्ये प्रौढ रुग्णांची नवी नोंदणी बंदही झाली. मिळवलेला हक्क राखण्यासाठी संघटना टिकवावी लागते, हे चळवळीतल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

जपानी अर्थशास्त्रज्ञ हिरोफुमी उझावा यांनी मोटारीच्या सामाजिक खर्चावर १९७४ सालीच पुस्तक लिहिले होते. गेलेल्या जिवाची किंमत येनमध्ये काढून ती हिशेबात धरावी, ही रूढ पद्धत त्यांनी नाकारली. त्या पद्धतीत गरिबाचा जीव, त्याची कमाई कमी म्हणून, आपोआप स्वस्त ठरतो. नागरिकाचा सुरक्षित जगण्याचा हक्क आधी गृहीत धरा आणि तो राखण्यासाठी जो खर्च येईल तो मोटारीच्या नावे लिहा, असे त्यांचे म्हणणे होते. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तर उझावांच्या म्हणण्याला वेगळ्या पुराव्याची गरज उरू नये.

दुबळ्याच्या माथी खर्च मारण्याची रीत केवळ जपानची नव्हे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या अमेरिकेतील जोडबंदरांनी १ ऑक्टोबर २००८ पासून जुन्या ट्रकांना टप्प्याटप्प्याने बंदी केली. १९९४ ते २००३ या काळातील ट्रकांना गाळणी बसवली तर जानेवारी २०१० नंतरही प्रवेश होता; जानेवारी २०१२ पासून मात्र २००७ चे मानक न पाळणारा प्रत्येक ट्रक बाद झाला. म्हणजे गाळणीवर केलेला खर्च दोन वर्षांत मातीत. बंदरांभोवतीची हवा पुष्कळ सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. पण तेथील चालक कागदोपत्री 'स्वतंत्र कंत्राटदार' होते; नव्या ट्रकांचे हप्ते त्यांच्याच खेपांच्या मजुरीतून कापले गेले. चालकांना कंपन्यांनी नोकर म्हणून घ्यावे, अशी अट लॉस एंजेलिस बंदराने घातली होती. वाहतूक कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०११ साली ती अट रद्द झाली. स्वच्छ हवेचा नियम टिकला, श्रमिकाच्या संरक्षणाचा गेला.

न्हावाशेव्याच्या बंदराबाहेर कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेकडे या अनुभवातून पाहावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आले. जुन्या गाड्यांना गाळणी बसवण्यातली इंधनाची अडचण त्याने दूर केली आहे. मालकीचे दुखणे कायम आहे. एक-दोन ट्रकांचा मालक, जो बहुधा स्वतःच चालक असतो, कर्जाच्या हप्त्यांत आधीच बुडालेला असतो. त्याला केवळ बंदीचा धाक दाखवला तर तो ट्रक दुसऱ्या जिल्ह्यात विकेल आणि धूर तेवढा गाव बदलेल.

सुरुवात सार्वजनिक ताफ्यापासून करता येईल. एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्या बांधणारे, दुरुस्त करणारे कुशल कामगार पिढ्यान्‌पिढ्या घडले आहेत. ज्या बसगाड्यांचे आयुष्य अजून बरेच शिल्लक आहे त्यांना गाळण्या बसवण्याचे आणि मुख्य म्हणजे त्या वेळच्या वेळी साफ करण्याचे काम खाजगी कंत्राटदाराऐवजी या कार्यशाळांकडे द्यावे. छोट्या ट्रकमालकांसाठीही तेथेच, ना-नफा दराने, सोय करावी. त्या सोयीसाठी लागणारा निधी इंजिन उत्पादकांवर आणि बंदरातून माल नेणाऱ्या मोठ्या आयातदार-निर्यातदारांवर खेपेमागे अधिभार बसवून उभा करता येईल. अधिभार भाड्यातून कापून घेण्यास कायद्याने मनाई हवी, नाहीतर लॉस एंजेलिसचीच पुनरावृत्ती होईल.

तपासणीचेही तसेच. रस्त्याकडेच्या पीयूसी केंद्रात डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजला जातो. तडकलेल्या गाळणीतून निसटणारे अतिसूक्ष्म कण त्या यंत्राला नीट दिसत नाहीत. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये नियतकालिक तपासणीत कण मोजणारी यंत्रे आणली. ती यंत्रे प्रादेशिक परिवहन कार्यालयांत शासनाच्या मालकीची असावीत आणि त्यांचे आकडे गाडीच्या क्रमांकानिशी सर्वांना पाहायला मिळावेत. गाळणी विकणाऱ्याला आपला माल आपणच तपासण्याची मुभा एकदा टोकियोत दिली गेली होती.