दोन घरांचे मूल



माझा विषय ऐकून काहींनी नाक मुरडले. वर्धापनदिनाला काडीमोडीच्या गोष्टी कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण आपल्याच आळीत तीन मुले अशी आहेत की आई एका घरी आणि वडील दुसऱ्या. ती दोघे वेगळी का झाली याची चर्चा आपण हळदीकुंकवालाही करतो. मूल या घरून त्या घरी कसे जाते, तिकडे मात्र कोणी पाहत नाही.

त्यांतला एक माझ्या पुतणीचा मुलगा, सात वर्षांचा. कोर्टाने तो आईजवळ ठेवला. पहिल्या व तिसऱ्या शनिवारी वडिलांनी न्यावा, रविवारी संध्याकाळी पोहोचवावा, असे ठरवून दिले. दोघांचे बोलणे नाही, म्हणून ने-आण आमच्या ओसरीवरून होते. जावई फाटकाशी उभे राहतात. मी चहाला बोलावते, ते "नको काकू" म्हणतात. पोर तासभर आधीच बूट घालून उंबऱ्यावर बसलेले असते.

कोर्टाच्या भाषेत याला 'ताबा' म्हणतात. ताबा जमिनीचा, गाळ्याचा, मुलाचा कसला? पण कायदा त्या शब्दापेक्षा शहाणा आहे. हिंदूंच्या अज्ञान मुलांविषयी 1956 साली कायदा झाला. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे असे त्यात आहे, आणि पालक ठरवताना मुलाचे हित सर्वांआधी पाहावे असेही आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 सालचा. तेथे समजूत घालणारे समुपदेशक असतात. हुकूम झाला म्हणजे कायमचा झाला असेही नाही, परिस्थिती पालटली तर बदलून मागता येतो. आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये. पोटगीसाठी वेगळा अर्ज करावा, पोराला तारण ठेवू नये. जेथे मारहाण आहे, मुलाला धोका आहे, तेथे मात्र माझे हे बोलणे लागू नाही. तेथे आधी कोर्टात सांगावे.

आता आमच्याकडे काय झाले ते ऐका. श्रावणात मुलाला ताप होता. आईने निघताना औषध पाजले. ते वडिलांना ठाऊक नाही. त्यांनी घरी नेऊन तासाभरात पुन्हा पाजले. मुलगा मध्ये उभा, पण "आईने दिले आहे" म्हणायला भ्यायला. आईचे नाव काढले की तिकडे चेहरे बदलतात, हे त्याला कळते. नशिबाने काही झाले नाही. मोबाईलवर कळवायचे, तर एकाने लिहिलेल्या साध्या वाक्यातही दुसऱ्याला टोमणा दिसतो.

मी शंभर पानी वही आणली आणि दप्तरात घातली. औषध किती वाजता दिले, जेवला काय, अभ्यास कोणता राहिला, एवढेच त्यात लिहायचे. एकमेकांविषयी एक अक्षर नाही. पहिले दोन महिने जावई नुसते "मिळाला" असे लिहीत, जणू पार्सल! दिवाळीनंतर एकदा लिहून आले, "खालचा दात हलतो आहे, ओढू नये." पुतणीने ते दोनदा वाचले. बोलली काही नाही; पण पुढच्या खेपेस दात पडल्याचे तिने आपण होऊन लिहिले.

आपल्याला एवढेच सांगायचे की अशा मुलाला "आई आवडते का बाबा?" असे विचारू नका. "बिचारा" म्हणून गालावरून हात फिरवू नका. तिकडे काय जेवलास, कोण आले होते, ही चौकशीही नको.

आणि एक मागणे आहे. आपल्या मंडळाची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. दुसऱ्या दोन मुलांची ने-आण बस थांब्यावर, भर रस्त्यात होते. त्यांच्यासाठी तासभर खोली उघडी ठेवावी. किल्ली मी सांभाळीन, सतरंजी आणि कॅरम माझ्याकडे आहे. कार्यकारिणीने याचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.